सशाची साक्ष

जर्मनीच्या उत्तरेला बाल्टिक समुद्रात ऱ्यूगेन नावाचं बेट आहे. तिथल्या ग्योरेन गावातले दोन लहान भाऊ १ जुलै १९०१ रोजी खेळायला गेले ते परतलेच नाहीत. दुसऱ्या दिवशी जंगलात त्यांचे तुकडे केलेले देह सापडले. संशय लुडविग टेस्नो या फिरस्त्या सुतारावर गेला. त्याच्या कपड्यांवर डाग होते, काही नुकतेच धुतलेले. हे लाकडाला लावायच्या रंगाचे डाग आहेत, असं त्यानं सांगितलं. तीन वर्षांपूर्वी ओस्नाब्रुकजवळ दोन मुलींचा असाच खून झाला होता, तेव्हाही पोलिसांनी याच माणसाला धरलं होतं. तेव्हाही त्यानं रंगाचंच कारण सांगितलं आणि सुटला. ऱ्यूगेनवर खुनाआधी काही आठवडे कुणीतरी एका शेतकऱ्याच्या मेंढ्या कापून टाकल्या होत्या. पळून जाणारा तो माणूस शेतकऱ्यानं पाहिला होता, आणि त्यानं टेस्नोला ओळखलं.

डाग रक्ताचा की रंगाचा, हे तेव्हाही सांगता येत होतं. रक्त मिठाबरोबर तीव्र अ‍ॅसिटिक आम्लात तापवलं की सूक्ष्मदर्शकाखाली तपकिरी स्फटिक दिसतात, ही युक्ती १८५३ पासून ठाऊक होती. पण रक्त कुणाचं? माणसाची, मेंढीची, डुकराची तांबडी पेशी वाळल्यावर सारखीच दिसते. ‘बोकड कापला होता, साहेब’ एवढं आरोपीनं म्हटलं की पुढं बोलणं खुंटायचं. सरकारी वकिलांनी ते कपडे ग्राइफ्सवाल्ड विद्यापीठातल्या पाउल उलेनहूट या तरुण डॉक्टरकडे पाठवले. त्याच वर्षी ७ फेब्रुवारीला माणसाचं रक्त वेगळं ओळखण्याच्या पद्धतीवर त्याचा लेख छापून आला होता. त्या पद्धतीचा सारा आधार एका सशावर होता.

मुंबईतल्या एका संशोधन संस्थेत माझी सगळी नोकरी सशांच्या सीरमशी झटण्यात गेली. आमच्याकडे खून नव्हते, हार्मोन होते. पण काम तेच: मानवी शरीरातलं एखादं प्रथिन सशाला टोचायचं, त्याच्या रक्तात प्रतिपिंडं तयार होऊ द्यायची आणि मग तेच रक्त घेऊन ते प्रथिन कुठंकुठं आहे ते शोधायचं. म्हणून आमच्या धंद्याचा इतिहास सांगायचा तर मी ऱ्यूगेनपासून सुरुवात करते.

उलेनहूटला कल्पना आभाळातून सुचली नव्हती. १८९७ मध्ये व्हिएन्नाच्या रुडोल्फ क्राउसनं दाखवलं होतं, की जंतूंचा गाळलेला रस्सा आणि त्याच जंतूंविरुद्धचं सीरम एकत्र केलं की गढूळ साका तयार होतो. दोन वर्षांत पॅरिसच्या पाश्चर संस्थेतून बातमी आली, की यासाठी जंतूच हवेत असं नाही. चिस्टोविचनं सशाला ईल माशाचं सीरम टोचलं, ज्यूल बोर्देनं दूध टोचलं, आणि दोघांनाही साका मिळाला. उलेनहूटनं सशाला आधी कोंबडीच्या अंड्याचा पांढरा बलक टोचून पाहिला, मग रक्त. प्रत्येक वेळी सशाचं सीरम ज्या प्राण्याचं टोचलं त्याच्याशी साका धरायचं, बाकीच्यांशी नाही. बर्लिनमध्ये आउगुस्ट वासरमान आणि आल्बर्ट श्युत्से हेही त्याच सुमारास स्वतंत्रपणे याच ठिकाणी पोचले होते.

चाचणी दिसायला अगदी साधी. कापडावरचा डाग मिठाच्या पाण्यात भिजत घालायचा. पाणी गाळून इतकं पातळ करायचं, की त्यात मूळ रक्त हजारात एक भाग उरावं. काडीएवढ्या बारीक नळीत तळाशी सशाचं सीरम घ्यायचं आणि नळी तिरकी धरून वरून हे पाणी कडेकडेनं सोडायचं, दोन्ही मिसळता कामा नयेत. मग नळी काळ्या कागदासमोर धरायची. माणसाचं रक्त असेल तर काही मिनिटांत दोन थरांच्या सीमेवर दुधी, पातळ कडं दिसू लागतं. नसेल तर दोन्ही थर स्वच्छ राहतात. उलेनहूटला टेस्नोच्या कपड्यांवर काही ठिकाणी माणसाचं रक्त मिळालं आणि काही ठिकाणी मेंढीचं. टेस्नो दोषी ठरला, त्याला मृत्युदंड सुनावला गेला.

ही गोष्ट सांगणारे बहुतेक जण त्या दुधी कड्यापाशी थांबतात. मला महत्त्वाच्या वाटतात त्या बाजूच्या स्वच्छ राहिलेल्या नळ्या. अशा तपासणीत एका नळीत डाग नसलेल्या कापडाचं पाणी लागतं, कारण कापडातला रंग किंवा साबणही साका धरू शकतो. एका नळीत काहीही न टोचलेल्या सशाचं सीरम लागतं. काहींत गाय, डुक्कर, मेंढी अशा ओळखीच्या जनावरांचं रक्त. या सगळ्या स्वच्छ राहिल्या तरच त्या एका कड्याला किंमत. सशाचं सीरम हा कोर्टातला साक्षीदार मानला, तर ओळखपरेडीत त्यानं आरोपीवर बोट ठेवणं पुरेसं नाही. बाकीच्या नऊ जणांसमोरून तो गप्प पुढं गेला की नाही, तेही पाहावं लागतं. पुढच्या सव्वाशे वर्षांत या धंद्यात जी जी फसगत झाली, ती गप्प राहायच्या जागी साक्षीदार बोलला आणि कुणी ते तपासलं नाही म्हणून झाली.

साक्षीदाराची मर्यादा पहिल्याच काळात कळली होती. केंब्रिजच्या जॉर्ज नटॉलनं जगभरातून गाळणकागदावर वाळवलेलं निरनिराळ्या प्राण्यांचं रक्त मागवलं आणि सुमारे ९०० नमुन्यांवर १६ हजार चाचण्या करून १९०४ मध्ये जाडजूड ग्रंथ छापला. माणसाविरुद्धचं सशाचं सीरम चिंपँझी आणि गोरिलाच्या रक्ताशीही जोरात साका धरायचं, इतर माकडांशी कमी, बाकीच्या सस्तन प्राण्यांशी जवळजवळ नाही. डार्विननं शरीररचनेवरून मांडलेलं नातं नळीत दिसू लागलं. वकिलांच्या दृष्टीनं मात्र हा इशारा होता. सशाला ‘माणूस’ कळत नाही, काही आकार कळतात, आणि ते आकार सख्ख्या-चुलत नातेवाइकांतही सापडतात.

ही विद्या हिंदुस्थानात लवकर पोचली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत कोलकात्याला इम्पीरियल सेरॉलॉजिस्ट असं पद होतं, आणि ठिकठिकाणचे रक्ताळलेले कपडे, कोयते, माती तिथं तपासायला जायची. इतिहासकार मित्रा शराफी यांनी या कचेरीवर लिहिलं आहे. शत्रूला अडकवायला जनावराचं रक्त शिंपडून खुनाचा बनाव रचला जातो, ही भीती त्या काळच्या गोऱ्या अधिकाऱ्यांच्या डोक्यात पक्की होती. त्यामुळे ‘रक्त कुणाचं’ हा प्रश्न इथं फार जिव्हाळ्याचा झाला. स्वातंत्र्यानंतरही कोलकात्याच्या या संस्थेत निरनिराळ्या प्राण्यांविरुद्धची सीरम तयार होऊन देशातल्या प्रयोगशाळांना जात राहिली. पंचनाम्यात ‘रक्तसदृश डाग’ लिहायचं आणि मग सी.ए.च्या, म्हणजे रासायनिक विश्लेषकाच्या, रिपोर्टची वाट पाहायची, हे महाराष्ट्रातल्या कुठल्याही फौजदाराला किंवा फौजदारी वकिलाला तोंडपाठ असतं. १९५० च्या दशकात मुंबई राज्यातून गेलेल्या एका खुनाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं रासायनिक विश्लेषकांना खडसावलं होतं: प्रत्येक वस्तूवर किती डाग सापडले आणि प्रत्येक केवढा, हे रिपोर्टमध्ये आलंच पाहिजे. नुसतं ‘रक्त आहे’ म्हणून हात झटकायचे नाहीत.

आमच्या प्रयोगशाळेत हाच प्रश्न हार्मोनच्या रूपानं यायचा. बाई गरोदर आहे का, हे ओळखायची जुनी रीत सशाच्या जिवावर उठलेली होती. १९३१ पासून प्रचारात आलेल्या फ्रीडमनच्या चाचणीत बाईची लघवी सशिणीला टोचायची आणि मग तिला मारून तिची अंडाशयं पाहायची. १९६० मध्ये स्वीडनमधल्या लेइफ विडे आणि कार्ल येमसेल यांनी ससा जिवंत ठेवून काम भागवलं. गरोदरपणात लघवीत उतरणारं एचसीजी हे मानवी हार्मोन त्यांनी सशाला टोचलं आणि त्या सीरमनं मेंढीच्या तांबड्या पेशींवर चाचणी बसवली. दिवसांचं काम तासांवर आलं.

पण सीरममध्ये एक खोट होती. पिट्युटरी ग्रंथीतून येणारं, दर महिन्याला उसळणारं एलएच हे हार्मोन एचसीजीचं जवळचं भावंड. दोघांचा एक भाग, अल्फा, अगदी सारखा. दुसरा भाग, बीटा, थोडा वेगळा. सशाला अख्खं एचसीजी टोचलं की तो दोन्ही भागांविरुद्ध प्रतिपिंडं बनवतो, आणि मग गरोदर नसलेल्या बाईचं एलएचही त्याला एचसीजी वाटतं. १९७२ मध्ये अमेरिकेत ज्युडिथ व्हायटुकायटिस, ग्लेन ब्राउनस्टीन आणि ग्रिफ रॉस यांनी फक्त बीटा भाग सशांना टोचला. त्यातल्या एका सशाचं सीरम नामी निघालं. ‘एसबी-६’ या नावानं ते आमच्या क्षेत्रात इतकं गाजलं, की त्या सशाला नसलेला मान त्याच्या कुपीला मिळाला. गरोदरपणाची अचूक चाचणी आणि काही कर्करोगांवरची नजर, दोन्हींचा पाया त्या कुपीनं घातला.

मी नोकरीला लागले तेव्हा अशी सीरम विकत घेणं परवडत नव्हतं, परकीय चलनाची परवानगी मिळेपर्यंत विद्यार्थ्याची पीएच.डी. संपून जायची. म्हणून ती आम्हीच करायचो. पहिला टप्पा हातांचा. फ्रॉइंडचं अ‍ॅडज्युव्हंट म्हणजे खनिज तेलात मेलेले, वाळवलेले क्षयाचे जंतू. ते नसलं तर ससा टोचलेल्या प्रथिनाकडे फारसं लक्ष देत नाही. हे तेल आणि प्रथिनाचं पाणी काचेच्या दोन सिरिंजांत घ्यायचं, सिरिंजा एका जोडनळीनं तोंडाला तोंड लावून जोडायच्या आणि मिश्रण इकडून तिकडं, तिकडून इकडं ढकलत राहायचं. आधी सैल वाटतं, मग अंगठे दुखायला लागतात, शेवटी दट्ट्या हलेनासा होतो. झालं की नाही ते पाहायला बीकरमधल्या थंड पाण्यावर एक थेंब सोडायचा. पसरला तर पुन्हा सिरिंज हातात घ्यायची. पांढरी टिकली होऊन तरंगत राहिला तरच टोचायला न्यायचं.

रक्त काढायचं ते कानातून. अ‍ॅनिमल हाउसमध्ये आमचे एक मामा होते, सशांचे आणि आमचेही. “ताई, घाई करू नका, कान गार आहे,” म्हणत ते कानाजवळ बल्ब लावायचे. कडेची शीर निळी, फुगीर दिसू लागली की त्यांचा एक हात सशाच्या डोळ्यांवर असायचा, दुसऱ्यात परीक्षानळी. थेंब थेंब रक्त येई. पाठीवर हात ठेवलेला ससा हलत नसे. नळी तशीच खोलीत ठेवायची, गोठलेलं रक्त काचेपासून काडीनं सोडवायचं आणि रात्रभर फ्रिजमध्ये. सकाळी गाठ आक्रसून खाली बसलेली असायची आणि वर गवती पिवळं सीरम. ते लालसर दिसलं तर कुणीतरी नळी हिसडली होती असं समजायचं.

यानंतर खरं काम सुरू व्हायचं, आणि ते वजाबाकीचं होतं. शुद्ध म्हणवलं जाणारं हार्मोन कधीच पुरतं शुद्ध नसतं. त्यात लघवीतली, रक्तातली इतर मानवी प्रथिनं चिकटलेली असतात आणि ससा त्या सगळ्यांची दखल घेतो. म्हणून पुरुषांचं सीरम, म्हणजे ज्यात आपलं हार्मोन नाही असं मानवी प्रथिनांचं कडबोळं, सशाच्या सीरममध्ये मिसळायचं. नको ती प्रतिपिंडं त्याला चिकटून खाली बसायची, ती फिरवून काढून टाकायची. दर वेळी सीरम थोडं दुबळं व्हायचं आणि थोडं शहाणं. नव्या मुलांना हे नकोसं वाटे. इतकं मेहनतीनं मिळवलेलं सीरम, आणि बाई ते फेकायला सांगतात!

अशाच सशांनी इतरांच्या हाती मोठी कामं केली. केंब्रिजमध्ये १९४५ साली रॉबिन कूम्ब्स, आर्थर मूरंट आणि रॉबर्ट रेस यांनी मानवी ग्लोब्युलिन सशाला टोचून जे सीरम केलं, त्यानं तांबड्या पेशींवर न दिसता चिकटलेली प्रतिपिंडं पकडली. आरएच निगेटिव्ह आईच्या तपासणीत आजही डॉक्टर ‘कूम्ब्स टेस्ट’ लिहून देतात ती हीच. कूम्ब्स शिक्षणानं जनावरांचे डॉक्टर, हे मला नेहमी साजेसं वाटतं. १९५९ मध्ये लंडनच्या मिल हिलला रॉडनी पोर्टरनं सशाचंच प्रतिपिंड पपईतल्या पपेननं तोडलं. तीन तुकडे निघाले: दोन प्रतिजनाला, म्हणजे टोचलेल्या पदार्थाला, धरणारे, तिसरा न धरणारा पण सहज स्फटिक होणारा. त्या तुकड्यांवरून प्रतिपिंडाचा आकार समजला आणि १९७२ चं नोबेल आलं.

ससाच का, असं पाहुणे विचारत. हाताळायला सोपा, कान मोठे, रक्त उंदराच्या कित्येक पट. शिवाय त्याचं मुख्य प्रतिपिंड, आयजीजी, एकाच प्रकारचं असतं. उंदरासारखे त्याचे पोटप्रकार नसतात, त्यामुळे ते पकडायला दुसरं प्रतिपिंड बनवणं सोपं जातं. म्हणून प्रयोगशाळांच्या फ्रिजमध्ये ‘गोट अँटी-रॅबिट’ची कुपी मिठासारखी असते. मानवी प्रथिनाला ससा ओळखतो, सशाला बकरी ओळखते, आणि बकरीच्या प्रतिपिंडाला जोडलेलं विकर रंग देतं. १९७१ मध्ये एलायझा आली, १९७९ मध्ये प्रथिनं जेलमधून कागदासारख्या पडद्यावर उतरवण्याची ब्लॉटची रीत आली, आणि सशाचं सीरम घराघरात नाही तरी प्रयोगशाळेप्रयोगशाळेत गेलं.

मग त्याचा धंदा झाला. डेन्मार्कच्या नील्स हार्बो यांनी १९६६ मध्ये डाको कंपनी काढली आणि मानवी रक्तातल्या प्रथिनांविरुद्धची सशांची सीरम जगाला पुरवली. त्यांच्या पद्धतीत एक शहाणपण होतं: अनेक सशांचं सीरम एकत्र करायचं, म्हणजे एका सशाचा स्वभाव मालात उतरत नाही. पुढं कॅटलॉग जाड होत गेले आणि हे शहाणपण पातळ. एका कंपनीकडून आम्ही मागवलेल्या अँटीबॉडीची, म्हणजे प्रतिपिंडाची, पहिली कुपी ब्लॉटवर हव्या त्या जागी एकच पट्टी द्यायची. कुपी संपली, त्याच क्रमांकाची दुसरी मागवली, तर तीन पट्ट्या, आणि सगळ्यांत ठळक ती भलत्याच जागी. पत्र लिहिलं तर उत्तर आलं, लॉट बदलला आहे. लॉट बदलला म्हणजे ससा बदलला. पॉलिक्लोनलची, म्हणजे सीरममधल्या अशा मिश्र प्रतिपिंडांची, कुंडली एका जिवाशी बांधलेली असते आणि तो जीव गेला की ती कुंडलीही संपते.

आमचीच तक्रार जगभर होती, हे नंतर कळलं. १९९६ मध्ये सापडलेला ईस्ट्रोजेनचा बीटा ग्राहक (रिसेप्टर) स्तनाच्या गाठींत आहे की नाही, यावर वीस वर्षं शेकडो निबंध निघाले, एकमेकांना छेद देणारे. २०१७ मध्ये स्वीडिश गटानं त्याच्याविरुद्धच्या १३ अँटीबॉडी पारखल्या. खऱ्या अर्थानं विश्वासू एकच निघाली, आणि तिला सामान्य स्तनात हा ग्राहक सापडेना. त्याआधी २०१५ मध्ये अँड्र्यू ब्रॅडबरी आणि आंद्रेआस प्ल्युक्थून यांनी शंभरावर सहकाऱ्यांच्या सह्यांनिशी ‘नेचर’मध्ये मागणी केली होती, की संशोधनातल्या अँटीबॉडी त्यांच्या जनुकीय क्रमानं ओळखल्या जाव्यात, सशाच्या भरवशावर नकोत.

तरीही सशाचा सगळ्यांत मोठा प्रकल्प याच काळातला आहे. स्टॉकहोममध्ये माथियास उलेन यांनी २००३ पासून मानवी प्रथिनांचा नकाशा करायला घेतला. प्रत्येक प्रथिनाचा असा तुकडा निवडायचा जो इतर प्रथिनांशी कमीत कमी जुळेल, तो सशाला टोचायचा, आणि मिळालेलं सीरम त्याच तुकड्यावरून गाळून फक्त त्याला धरणारी प्रतिपिंडं ठेवायची. २०१५ पर्यंत अशा तऱ्हेनं सुमारे १७ हजार जनुकांची प्रथिनं ऊतींमध्ये रंगवून झाली. पाहिलं तर ही आमच्या वजाबाकीचीच सुधारलेली, कारखान्याच्या मापाची आवृत्ती. अलीकडे २०२३ मध्ये ६५ मानवी प्रथिनांविरुद्धच्या ६१४ अँटीबॉडी तपासणाऱ्या एका गटानं कसोटी आणखी कडक केली: ज्या पेशीतून ते जनुकच कापून टाकलं आहे, त्या पेशीवर अँटीबॉडी गप्प बसते का? सशाच्या पॉलिक्लोनल सीरमपेक्षा जनुकातून बनवलेल्या अँटीबॉडी त्यात सरस ठरल्या. जनुक कापलेली पेशी म्हणजे उलेनहूटच्या काळातल्या डाग नसलेल्या कापडाचीच पुढची पिढी.

सशांचं काय, हा प्रश्न आता उशिरा का होईना विचारला जातो. आपल्याकडे १९६० चा प्राणीक्रूरता प्रतिबंधक कायदा आणि १९९८ चे नियम यांमुळे समितीच्या मंजुरीशिवाय सशाला सुई लागत नाही, आणि फ्रॉइंडचं तेल तर शक्यतो नकोच असतं. अमेरिकेत सशा-बकऱ्यांच्या हेळसांडीबद्दल अँटीबॉडी विकणाऱ्या एका मोठ्या कंपनीला २०१६ मध्ये ३५ लाख डॉलर दंड बसला. २०२० मध्ये युरोपीय आयोगाच्या तज्ज्ञांनी प्राण्यांशिवाय बनवलेल्या अँटीबॉडीच वापरा, असं सुचवलं. पॉलिक्लोनल सीरम उद्या बंद झालं तर मला वाईट वाटणार नाही. मामांनाही वाटलं नसतं.

पण साक्षीदार बदलला म्हणून उलटतपासणी सुटत नाही. जनुकातून बनवलेली अँटीबॉडीसुद्धा नात्यातल्या प्रथिनाला फसू शकते. अजूनही कधी जुने विद्यार्थी ब्लॉटचा फोटो पाठवतात, सुरेख एकेरी पट्टी, बाजूला बाण काढलेला. मी विचारते ते हेच: जिथं हे प्रथिन नाही ती लेन कुठं आहे? बहुतेकदा उत्तर येतं, “जेलमध्ये जागा नव्हती, मॅडम.” दहा खणांच्या जेलमध्ये एक खण त्यासाठी राखायचा असतो. एवढ्याच खर्चात ग्राइफ्सवाल्डला एका माणसाच्या मृत्युदंडाचा निर्णय झाला होता.